दोनशे मिनिटांची वाटणी

रायपूरच्या शंकर नगरातून निघून जीई रोडने भिलाई गाठलं, की पोलादाच्या या गावाची दुसरी ओळख कळते. राजेश पटेल या प्रशिक्षकांनी इथे छत्तीसगडच्या मुलींचे बास्केटबॉल संघ घडवले आणि त्या संघांनी राष्ट्रीय स्पर्धांत पदकांवर पदकं आणली. जवळजवळ सात फूट उंचीची पूनम चतुर्वेदी कानपूरहून इथेच शिकायला आली. पटेल 2018 मध्ये गेले. एवढ्या गुणी मुली एका संघात आल्या, तरी मैदानात पाचच उतरणार आणि सात बाकावर बसणार. त्या सातजणींपैकी कोणाला कधी आणि किती वेळ खेळवायचं, हे ठरतं तरी कसं?

वरवर पाहता हिशेब सोपा आहे. सामना 40 मिनिटांचा, एका वेळी पाचजण, म्हणजे वाटायला 200 मिनिटं. पण बारा जणांतून पाच निवडण्याचे प्रकार भरतात तब्बल 792! खरी गंमत इथे आहे. ‘सहावा चांगला कोण’ हा प्रशिक्षकापुढचा प्रश्नच नसतो. समोर आत्ता जे पाच उभे आहेत, त्यांच्यापुढे आपले कोणते पाच टिकतील, हे त्याला बघायचं असतं. प्रतिस्पर्ध्याने बुटके पण चपळ खेळाडू उतरवले, तर आपला ताडमाड सेंटर एकाएकी जड वाटू लागतो आणि तासभर बाकावर बसलेल्या एखाद्या पोराचं नशीब उघडतं.

खेळाडू असे बदलत राहायची मुभा मुळात नव्हतीच. 1891 मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी लिहिलेल्या तेरा नियमांत असं होतं, की मुद्दाम इजा करणारा खेळाडू सामन्यातून बाद आणि त्याच्या जागी बदली मिळणार नाही. अमेरिकेत बाहेर गेलेल्याला पुन्हा आत यायची परवानगी 1920 च्या सुमारास मिळाली, तीही एकदाच. हवं तितक्या वेळा बदलायची मोकळीक 1940 च्या दशकातली.

शिवाय फाउलही असतात. पाच झाले की बाहेर. म्हणून पहिल्याच क्वार्टरमध्ये दोन झाले, की बरेच प्रशिक्षक आपला हुकमी खेळाडू काढून घेतात. किती अजब! पुढे कदाचित मुकावी लागतील ती मिनिटं वाचवण्यासाठी हातातली मिनिटं आधीच सोडून द्यायची. शेवटच्या क्षणी हाताशी पर्याय हवेत, हे खरं; पण यात थोडी भीतीही असते, असं मला वाटतं.

आकड्यांनी आणखी एक चमत्कार दाखवला. ह्यूस्टनच्या शेन बॅटियरचे गुण, रिबाउंड सगळं बेताचंच. पण तो मैदानात असला की त्याचा संघ सुधारायचा आणि समोरच्यांची गाडी अडायची. मायकेल लुइस यांनी 2009 मध्ये त्याच्यावर गाजलेला लेख लिहिला. खेळाडू मैदानात असताना संघ किती गुणांनी पुढे गेला, हे मोजणारा ‘प्लस-मायनस’ अशा माणसांना उजेडात आणतो. अर्थात चार मिनिटं खेळलेल्याचा प्लस-मायनस म्हणजे निव्वळ योगायोगही असू शकतो. बाकावरच्यांची अडचण हीच, की त्यांना पारखायला पुरेशी मिनिटं कधी मिळतच नाहीत.

मला सगळ्यात भावतात ते नॉर्थ कॅरोलिनाचे डीन स्मिथ, मायकेल जॉर्डनचे कॉलेजातले प्रशिक्षक. त्यांचा खेळाडू दमला की मूठ वर करायचा. स्मिथ त्याला बाहेर घ्यायचे. आणि जो स्वतःहून बाहेर आला, त्याने दम खाल्ल्यावर स्वतःच ठरवून परत आत जायचं! दमल्याचं लपवण्यात मग फायदाच उरला नाही. शिवाय ते अधूनमधून बाकावरचे पाचही जण एकदम उतरवायचे. ती दोनेक मिनिटं पूर्ण त्यांची.

तिघांविरुद्ध तिघांचा बास्केटबॉल 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला. त्यात तर बाकावर प्रशिक्षकच नव्हता. संघात चार जण, त्यातला एक बाहेर. खेळ थांबला की आतला मैदानाच्या रेषेबाहेर येतो, थांबलेल्याच्या हाताला हात लावतो आणि तो आत जातो. कोणाची पाळी, हे ते चौघे आपापसांतच ठरवतात.