मध्यरात्री सेट-टॉप बॉक्स काय करतो?



७ सप्टेंबर २०१९ ची ती रात्र. तुम्ही तेव्हा लहान होता, पण घरातल्या मोठ्यांना ती नक्की आठवत असेल. गणपतीचे दिवस होते आणि चांद्रयान-२ मधील ‘विक्रम’ चंद्रावर उतरणार होता. आमच्या इमारतीतील दहा-बारा मुलेमुली जागरण करून आमच्याकडे दूरचित्रवाणीसमोर बसली होती. रात्री १ वाजून ३८ मिनिटांनी विक्रमचा खाली येण्याचा प्रवास सुरू व्हायचा होता. दीड वाजला आणि पडद्यावरचे चित्रच नाहीसे झाले. त्या जागी दोन ओळी उमटल्या: ‘सॉफ्टवेअर अद्ययावत होत आहे. कृपया संच बंद करू नका.’

दोन-तीन मिनिटे आम्ही वाट पाहिली. मुले माझ्या तोंडाकडे पाहू लागली. मग भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने जे करू नये तेच मी केले. भिंतीवरचे बटण बंद केले आणि पुन्हा चालू केले. सेट-टॉप बॉक्सवर लाल दिवा लागला आणि तसाच राहिला. अखेर सगळी डोकी एका मोबाइलवर वाकली. विक्रमशी संपर्क तुटला तेव्हा तो चंद्राच्या पृष्ठभागापासून सुमारे २.१ किलोमीटर उंचीवर होता. आमच्या बॉक्सचा संपर्क मात्र त्याआधीच आणि माझ्याच हाताने तुटला होता. तो बॉक्स पुढे बदलावाच लागला.

असे का झाले? चूक माझी की बॉक्सची? चला, शोध घेऊ या.

पेटीतला संगणक

सेट-टॉप बॉक्स हा एक छोटा संगणकच असतो. छतावरच्या तबकडीकडून आलेले अंकीय संदेश उलगडून त्यांचे चित्र आणि आवाज करणे हे त्याचे काम. हे काम कसे करायचे ते सांगणारी आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, त्याच्या स्मृतीत साठवलेली असते. आज्ञावलीत दोष सापडतात, वाहिन्यांच्या मांडणीत बदल होतात, फुकट्या दर्शकांना रोखण्याच्या नव्या युक्त्या घालाव्या लागतात. म्हणून जुनी आज्ञावली अधूनमधून बदलावी लागते. लाखो घरी माणूस पाठवणे शक्य नाही. मग नवी आज्ञावली चित्रांच्या सोबतीनेच उपग्रहावरून धाडली जाते.

आकाशातले रहाटगाडगे

हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. तेथून येणारे सर्व संदेश १८८ बाइटच्या लहान लहान पुडक्यांत बांधलेले असतात. प्रत्येक पुडक्याचे पहिले ४ बाइट पत्त्यासारखे असतात, म्हणजे मालासाठी १८४ बाइट उरतात. असे समजा, की नवी आज्ञावली २ कोटी बाइटची आहे. भागाकार केलात तर तिची १ लाख ८ हजारांहून अधिक पुडकी होतात, हे तुमच्या ध्यानात येईल.

आता एक अडचण पाहा. तबकडी फक्त ऐकू शकते, बोलू शकत नाही. जोराच्या पावसाने एखादे पुडके हरवले, तर ‘ते पुन्हा पाठवा’ असे बॉक्स उपग्रहाला सांगू शकत नाही. यावरचा उपाय विहिरीवरच्या रहाटगाडग्यासारखा आहे. सर्व पुडकी क्रमाने पाठवायची आणि शेवटचे संपले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. हे चक्र दिवसचे दिवस चालू राहते. दर सेकंदाला ५ लाख बिट या वेगाने आपली २ कोटी बाइटची आज्ञावली पाठवली, तर एका फेरीला ३२० सेकंद लागतात. हुकलेले पुडके पुढच्या फेरीत पकडता येते.

हातचा पडताळा

पुडके आले, पण ते बिनचूक आहे कशावरून? लहानपणी गुणाकार तपासताना तुम्ही नऊ काढले असतील. ५८२४ या संख्येतील अंकांची बेरीज १९, पुन्हा बेरीज १०, पुन्हा बेरीज १. वाटेत ही संख्या ५८३४ झाली तर उत्तर २ येते आणि चूक पकडली जाते. पण अंकांची अदलाबदल होऊन ५२८४ झाली तर? उत्तर पुन्हा १! चूक सुटली. आता त्याच संख्यांना ११ ने भागा. ५८२४ ची बाकी ५ येते, ५२८४ ची ४. या वेळी चूक सापडली. योग्य भाजक निवडला की पडताळा पक्का होतो. पाठवणारा आपल्या माहितीला एका ठराविक, मोठ्या भाजकाने विशिष्ट रीतीने भागतो आणि बाकी सोबत जोडतो. बॉक्स तोच भागाकार करून बाकी जुळते का ते पाहतो. अर्थात मुद्दाम केलेली लबाडी बाकीने पकडता येत नाही. त्यासाठी चांगल्या बॉक्समध्ये पाठवणाऱ्याची अंकीय सहीही तपासली जाते.

धोक्याची काही मिनिटे

इथवर काहीही बिघडत नाही. खरा धोका पुढे आहे. बॉक्समधील ‘फ्लॅश’ स्मृती जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जगापुढे मांडली. तिच्यात इलेक्ट्रॉन विसंवाहक थरांनी वेढलेल्या सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेले असतात, म्हणून वीज गेली तरी मजकूर टिकतो. पण तिच्यावर नवे लिहिण्याआधी जुने पुसावे लागते आणि तेही एकेक अक्षर नव्हे, तर मोठा गठ्ठाच्या गठ्ठा. फळा पुसून झाला आहे, नवा धडा अर्धाच लिहिला आहे आणि गुरुजींच्या हातातला खडू काढून घेतला, असे झाले तर? माझ्या बॉक्सचे नेमके हेच झाले. जुनी आज्ञावली गेली होती, नवी आली नव्हती.

चांगल्या रचनेच्या बॉक्समध्ये दोन फळे असतात. नवा धडा दुसऱ्या फळ्यावर लिहून, तपासून झाल्याशिवाय पहिला पुसत नाहीत. पण त्यासाठी जास्त स्मृती लागते, म्हणजेच खर्च वाढतो.

रात्रच का? आणि न सांगता का?

रात्री पाहणारे कमी असतात, म्हणून ही वेळ निवडतात. काटकसरीने मुख्य बटण बंद करून झोपणाऱ्यांच्या घरी मात्र हेच काम सकाळी, नेमके बातम्यांच्या वेळी निघू शकते! आणि एखाद्या रात्री सारा देशच जागा असतो, हे कार्यक्रम आखणाऱ्याने ध्यानात घ्यायला नको का?

‘दर्शकांना विचारणार कसे? वाट तर एकेरी आहे,’ असे कोणी म्हणेल. विचारता येत नाही हे खरे, पण सांगता येते. युरोपातील डीव्हीबी प्रकल्पाने अंकीय प्रक्षेपणाचे जे नियम ठरवले आहेत, त्यांत आज्ञावली बदलण्याची सूचना देणारा एक तक्ता आहे. बदल कधी होणार, दर्शकाला कोणता संदेश दाखवायचा, बदल आपोआप करायचा की दर्शकाने बटण दाबल्यावर, या सर्वांसाठी त्या तक्त्यात जागा राखलेली आहे. ज्या वाटेने आज्ञावली येते त्याच वाटेने ‘उद्या रात्री दोन वाजता’ ही सूचनाही येऊ शकते. म्हणजे बदल आवश्यक आहे, पण त्याचे गुपित ठेवणे आवश्यक नाही. ही अडचण विज्ञानाची नसून सौजन्याची आहे.

तेव्हा मित्रांनो, पडद्यावर तशा ओळी दिसल्या तर बटणाला हात लावू नका. वीज जाण्याची भीती असेल आणि घरात इन्व्हर्टर असेल, तर सेट-टॉप बॉक्स त्यावर जोडा. आणि सूचना न देता वारंवार असे घडत असेल तर सेवा देणाऱ्यांना पत्र लिहा. त्यात या तक्त्याचा उल्लेख जरूर करा.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा विक्रम चंद्रावर अलगद उतरला. त्या दिवशी मी दुपारी तीन वाजताच सेट-टॉप बॉक्स चालू करून ठेवला होता. काय बदलायचे असेल ते त्याने आधीच बदलून घ्यावे, म्हणून! मुले पुन्हा आली होती. आता ती चांगली उंच झाली होती. त्यांतल्या एकीने आत येताच भिंतीवरच्या बटणाकडे बोट दाखवून मला बजावले, ‘‘सर, आज काही झाले तरी हात लावायचा नाही.’’