सोफ्याला मॅच होणारं चित्र

जालना-अंबडकडून येणारा रस्ता वडीगोद्रीला धुळे-सोलापूर महामार्गाला मिळतो. या महामार्गावर चहाला थांबलो की माझं लक्ष आधी हॉटेलच्या भिंतीकडे जातं. खोड जुनी आहे. पूर्वी तिथे धबधब्याचं पोस्टर असायचं. आता नव्या एसी फॅमिली हॉलमध्ये निळ्या-सोनेरी लाटांचे छापील कॅनव्हास दिसतात. समुद्र म्हणा, ढग म्हणा, कोणी हरकत घेत नाही. एका मालकांना विचारलं तर म्हणाले, "सर, इंटेरियरवाल्यानं सोफ्याला मॅच करून दिलंय."

अशा अमूर्त चित्रांचा इतिहास उरकून टाकतो. १९१०च्या आसपास कांदिन्स्की वगैरे मंडळींनी युरोपात वस्तूंचे आकार सोडले. आपल्याकडे १९४७च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपनंतर अमूर्त चित्रं रुजली. बस्स.

मला बोलायचंय ते चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्याबद्दल. जन्म नागपूरचा, १९२४चा. शिक्षण मुंबईत, जे.जे.मध्ये. पुढे वॉर्डन रोडच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा स्टुडिओ होता आणि समोर समुद्र. ते त्याच्याकडे तासन्‌तास बघत बसायचे. साठच्या दशकातल्या त्यांच्या कॅनव्हासवर क्षितिजासारखं काहीतरी तरंगतं, पण होडी नाही, किनारा नाही. चित्राला बहुधा नावही नाही. कुंचल्यापेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफवर त्यांची भिस्त. रंगाचा पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, खरवडायचा, पुन्हा थर. पैठणच्या डाव्या कालव्याचं आवर्तन संपल्यावर तळाच्या गाळावर ऊन पडून जे रंग उमटतात, तसं काहीसं तिथे घडतं. वर्षाला चित्रं मोजकीच, कारण आधीचा विचारच फार लांबायचा. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि २०२१ मध्ये त्यांचा १९६१चा एक कॅनव्हास जवळपास ४० कोटींना गेला. किमतीचं मला फारसं अप्रूप नाही, थरांचं आहे.

असली चित्रं हॉटेलात शोभतात का? मुंबईच्या ताज हॉटेलनं उत्तर दिलंय. १९०३च्या जुन्या इमारतीशेजारी १९७३ मध्ये मनोरा उभा राहिला आणि हुसेन, गायतोंडे यांच्यासारख्यांची कामं तिथल्या संग्रहात आली. २००८च्या दहशतवादी हल्ल्यात काही चित्रांना झळ बसली, तेव्हा ती काळजीपूर्वक दुरुस्त करून घेतली गेली. सोफे मात्र नवे आणले असणार!

उलट टोकाला अमूर्त चित्रकार मार्क रॉथको. १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या फोर सीझन्स या श्रीमंती रेस्टॉरंटसाठी भित्तिचित्रांचं काम त्यानं घेतलं. पुढच्या वर्षी स्वतः तिथे जेवून आला, चिडला आणि काम सोडून दिलं. त्यातली काही चित्रं आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहेत.

माझं मत रॉथकोच्या विरुद्ध आहे. गॅलरीत जाणारा माणूस चित्र बघायचं ठरवूनच जातो. हॉटेलात बीडच्या बसची वाट बघणारा, ट्रक उभा करून आलेला, लग्नाची बोलणी करायला आलेला, असे सगळे येतात. त्यांच्यासमोर अमूर्त चित्र कसलाही दबाव न आणता टांगलेलं राहू शकतं. ज्याला गोदावरी दिसेल त्याला दिसेल, नाहीतर चहा आहेच. अट एवढीच, की ते कोणीतरी हातानं, काहीतरी बघून रंगवलेलं असावं. संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे. आमच्या हॉटेलवाल्यांनी तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याला एक भिंत द्यावी, हिशेबानं पैसे द्यावेत आणि सोफ्याचा रंग त्याला अजिबात सांगू नये.