कार्तिक-मार्गशीर्षातील परसबाग

आषाढ-श्रावणात शाळेच्या आवारात फळझाडे लावण्याचा कार्यक्रम उत्साहाने पार पडतो व लावलेल्या रोपांचा आकडा अहवालात नोंदला जातो. वर्षअखेरीस त्यांतील किती जगली याची मोजदाद केली, तर बहुधा वाईट वाटते. झाडे उन्हाळ्याने मेली असे आपण म्हणतो. परंतु पुष्कळदा त्याचे कारण कार्तिक-मार्गशीर्षातच घडलेले असते. पाऊस थांबलेला असतो, दिवाळीची सुटी लागलेली असते आणि झाडे हिरवी दिसत असल्याने तिकडे कोणाचे लक्ष नसते. किंवा असलेच तर ते भलत्या ठिकाणी असते.

ही दुसरी चूक प्रस्तुत लेखकाने स्वतः केलेली आहे. नोकरीच्या आरंभीच्या काळात शाळेमागे मोसंबीचे एक कलम होते. पावसाळा सरताच मुलांकडून बुंध्याशी मातीची चांगली भर घातली आणि रोज दोन घागरी पाणी थेट खोडावर ओतविले. थंडी संपेपर्यंत खोडातून डिंक वाहू लागला, पाने पिवळी पडली आणि पुढील उन्हाळ्यात झाड वाळले. पाणी घालणाऱ्या मुलाने विचारले, “गुरुजी, पाणी कमी पडलं का?” पाणी कमी पडले नव्हते, जास्त झाले होते, परंतु त्या वेळी मला हे सांगता आले नाही.

संत्रा-मोसंबीचे कलम जंबेरीसारख्या खुंटावर डोळा भरून केलेले असते. डोळ्याचा सांधा मातीखाली गेला व खोड सतत ओले राहिले, की जमिनीतील बुरशी सालीत शिरते. हाच डिंक्या रोग होय. म्हणून पावसाने वा खुरपणीने बुंध्याशी जमलेली माती प्रथम दूर करून सांधा जमिनीच्या वर मोकळा करावा. झाडाची अन्न शोषणारी बारीक मुळे खोडाजवळ नसून फांद्यांच्या घेराखाली असतात. तेव्हा पाणी तेथेच द्यावे. खोडाभोवती मातीची एक लहान गोल वरंबी घालावी, घेराच्या कडेला दुसरी घालावी व दोहोंच्या मधल्या जागेत पाणी सोडावे. हेच दुहेरी आळे. सांध्याच्या खालून फुटणारे धुमारे खुंटाचे असल्याने ते लहान असतानाच काढून टाकावेत.

खोडास बोर्डो मलम लावण्याची हीच वेळ. शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात व शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात वेगवेगळा भिजवून, नंतर दोन्ही एकत्र करावे. भांडे मातीचे वा प्लॅस्टिकचे असावे, लोखंडी नसावे. मिश्रणात स्वच्छ खिळा क्षणभर बुडवावा. त्यावर तांबूस थर आला तर चुना वाढवावा. जमिनीपासून सुमारे तीन फुटांपर्यंत खोडास हे मलम लावावे. मोरचूद विषारी आहे. मुलांनी खिळ्याची परीक्षा अवश्य पाहावी, परंतु मिश्रण शिक्षकानेच करावे.

आंब्याचा न्याय निराळा. फळे देणाऱ्या मोठ्या झाडास आता पाणी व खत देऊ नये. जमिनीतील कोरडेपणा आणि रात्रीची थंडी यांमुळे पालवी थांबून मोहोर धरतो. पाणी दिल्यास पालवी फुटते व मोहोर मागे पडतो. उलट एक-दोन वर्षांच्या आंब्याच्या कलमास पाणी चालूच ठेवले पाहिजे. दोन्ही झाडे शेजारी असली तर मुलांना हा भेद दाखविण्यास उत्तम संधी मिळते.

पेरू या दिवसांत पिकतो. झाडाखाली सडलेली फळे पडू देऊ नयेत. त्यांतील फळमाशीच्या अळ्या मातीत शिरून कोष करतात व पुन्हा माश्या होतात. अशी फळे रोज वेचून फूट-दोन फूट खोल पुरावीत. हे काम चौथीच्या मुलांस आवडते, असा अनुभव आहे. सीताफळाच्या फांद्यांवर काळी पडून वाळलेली फळेही काढून टाकावीत. पपईच्या बुंध्याशी पाणी साचू नये, एवढे पाहिले तरी पुरे.

राहिला सुटीचा प्रश्न. रोपाच्या घेरात, मुळांना धक्का न लावता, रंग न दिलेले, भाजलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे. पाणी हळूहळू झिरपते. आळ्यात उसाचे पाचट किंवा वाळलेले गवत पसरावे, मात्र ते खोडास टेकू देऊ नये. मडके किती दिवस पुरते हे जमिनीवर अवलंबून असल्याने सुटीच्या आधी एकदा भरून पाहावे, आणि त्या हिशेबाने शाळेजवळ राहणाऱ्या मुलांना पाळ्या वाटून द्याव्यात. मडक्यावर झाकण ठेवण्यास विसरू नये; नाहीतर त्यात डास होतात.