मासा सोडण्याआधी पाणी बघा



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक विषय निघाला. इंद्रायणी स्वच्छ करायचं चाललंय, तर गटाने वर्गणी काढून नदीत महासीर मासा सोडायचा का? एक मावशी म्हणाल्या, "सोडू या. वर धरण, खाली घाण, मासा आपणहून येणार कुठून?" त्यांच्या जाऊबाई म्हणाल्या, "फेसाच्या पाण्यात सोडून मारायचाय का?" दोघींचंही खरं आहे.

महासीर आपलाच मासा. १८३९ साली कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे धरणं, सांडपाणी आणि बेसुमार मासेमारी यांमुळे तो कमी झाला, एके काळी जगाच्या यादीत धोक्यातला म्हणून नोंदला गेला होता. लोणावळ्याला वळवण इथे टाटांच्या केंद्रात अनेक वर्षांपासून त्याची पैदास होते. म्हणजे बीज आहे. मग अडलं कुठे?

पहिलं, पाणी. सांडपाणी कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. महासीराला तर भरपूर प्राणवायू असलेलं वाहतं पाणी लागतं. घाण पाण्यात सोडलेली बोटुकली जगत नाही.

दुसरं, वाट. अंडी घालायला हा मासा पावसाळ्यात प्रवाहाच्या उलट वर चढतो. त्याला वाळू-गोट्यांचा तळ हवा. मधे बंधारा आला किंवा वाळू उपसली, की वंश पुढे जात नाही. मग दरवर्षी नवं बीज विकत आणत बसायचं.

तिसरं, जात. आपल्याकडचा हाच महासीर कर्नाटकात कावेरीत सोडला गेला. तो तिथे फोफावला आणि कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महासीर मागे पडला. त्या माशाला शास्त्रीय नाव मिळालं २०१८ साली, तोवर तो संपत आला होता. म्हणून ज्या नदीचा मासा, त्याच नदीत सोडावा.

आम्ही ठरवलं, वर्गणी तूर्त गटाच्या खात्यातच राहील. आधी ग्रामसभेत तीन प्रश्न विचारायचे: उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू कोण मोजणार? गावाचं सांडपाणी नदीत जायचं कधी थांबणार? सोडलेले मासे जगले की नाही, हे पुढची दोन-तीन वर्षं कोण बघणार? आणि आपल्या हातातलं काम आजच सुरू करायचं: घरामागे शोषखड्डा, आणि विणीच्या दिवसांत चढणीचा मासा धरायचा नाही.

मावशी थोड्या नाराज होत्या. पण ग्रामसभेत पहिला प्रश्न मीच विचारणार, असं त्यांनी बजावून सांगितलंय. तुमच्या गावच्या नदीत पूर्वी कोणते मासे होते? घरातल्या जुन्या बायकांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. तिथूनच सुरुवात होते.