खंड किती वर्षांतून एकदा?

२०२३ चा ऑगस्ट हा देशातला १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. धाराशिव जिल्ह्यात सोयाबीन नेमके फुलोऱ्यातून शेंगेकडे निघाले होते आणि पावसाने दडी मारली. पीकविम्याच्या बोलण्यात तेव्हा एकच आकडा सगळ्यांच्या तोंडी होता : सलग २१ दिवसांचा खंड. ३१ ऑक्टोबरला राज्याने ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात या जिल्ह्यातले धाराशिव, वाशी आणि लोहारा हे तीन होते.

असा खंड किती वर्षांतून एकदा पडतो? विम्याचा हप्ता किती असावा, कोणते वाण पेरावे, शेततळे काढणे परवडेल का, हे सगळे या एका उत्तरावर टेकलेले असते. उत्तर काढण्याची रीत आहे. पण त्यात चूक किती असू शकते हे सोबत सांगितले नाही, तर ते उत्तर वापरणाऱ्याची फसगत होते.

रीत आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाची. उद्या काय होईल हे फक्त आजच्या स्थितीवर अवलंबून आहे, कालपरवाचे सगळे विसरले तरी चालेल, अशा यादृच्छिक घडामोडींच्या साखळीचा अभ्यास त्याने १९०६ मध्ये सुरू केला. १९१३ मध्ये पुश्किनच्या एका काव्यातली २०,००० अक्षरे घेऊन स्वरामागून व्यंजन किती वेळा येते हे त्याने हाताने मोजले. हीच कल्पना गॅब्रिएल आणि नॉयमान यांनी १९६२ मध्ये तेल अवीवच्या रोजच्या पावसाला लावली. दिवस दोनच प्रकारचे, ओला किंवा कोरडा. आपल्या हवामान खात्याच्या हिशेबात सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला, तर तो पावसाचा दिवस.

आता समजण्यासाठी काही आकडे धरू. ते कोणत्याही एका गावाचे नाहीत, पण अवर्षणप्रवण भागाला शोभतील असे आहेत. कोरड्या दिवसानंतर पाऊस येण्याची शक्यता २० टक्के आणि पावसाच्या दिवसानंतर पुन्हा पाऊस येण्याची ५५ टक्के. आज पाऊस आहे की नाही याने उद्याच्या अंदाजात ३५ टक्क्यांचा फरक पडतो. परवासाठी तो फरक ३५ चे ३५ टक्के, म्हणजे सव्वाबारा टक्के उरतो. तेरवासाठी सव्वाचार. पाचव्या दिवशी अर्धा टक्का. सुरुवात ओल्या दिवसाने झाली की कोरड्या, याचा ठसा पाच दिवसांत पुसला जातो आणि साखळी आपल्या दीर्घकालीन चालीला लागते : जून ते सप्टेंबरच्या १२२ दिवसांत सरासरी ३७-३८ दिवस पावसाचे. सुरुवातीमुळे येणारी ही चूक सर्वांत सोपी, कारण ती दररोज ठरावीक पटीने घटते आणि कागदावर आधीच मोजता येते.

दुसरी चूक नोंदींच्या तुटपुंजेपणाची. १२२ दिवसांच्या नोंदी म्हणजे १२२ स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. पावसाला पाऊस जोडून येतो, उघडिपीला उघडीप. शेजारचे दिवस एकमेकांचेच म्हणणे पुन्हा सांगतात. आपल्या आकड्यांत पावसाच्या दिवसांची सरासरी काढताना १२२ दिवसांची किंमत जेमतेम ५९ स्वतंत्र दिवसांइतकी भरते.

खरी मेख पुढे आहे. ते २० टक्के आले कुठून? पाच हंगामांच्या नोंदींतून काढले असतील, तर खरा आकडा साधारण १६ ते २४ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. (दुसरी शक्यता, ५५ टक्क्यांची, इथे पक्की धरली आहे, तिचीही चूक मोजली तर चित्र आणखी धूसर होईल.) या दोन टोकांना हंगामातले पावसाचे दिवस येतात ३२ आणि ४२. दहा दिवसांचा फरक, फार भयंकर वाटत नाही. पण २१ दिवसांच्या खंडासाठी पहिल्या कोरड्या दिवसानंतर आणखी २० दिवस कोरडे जावे लागतात, म्हणजे तीच छोटी चूक वीस वेळा गुणली जाते. एका टोकाला असा खंड ढोबळमानाने दोन-अडीच वर्षांतून एकदा, दुसऱ्या टोकाला बारा-तेरा वर्षांतून एकदा! तीस हंगामांच्या नोंदी असल्या, तर ही व्याप्ती चार ते सात वर्षांवर येते. तीही कमी नाही.

म्हणून ‘मॉडेल चांगले आहे’ हे वाक्य मला अपुरे वाटते. सरासरी बरोबर सांगणारे मॉडेल खंडाबाबत पाचपट चुकू शकते. कोणत्या प्रश्नाच्या उत्तरातली चूक मोजली, हे आधी विचारायला हवे.

आणि तिसरी चूक खुद्द गृहीतकातच आहे. पाऊस फक्त आजचा दिवस लक्षात ठेवत नाही. मान्सूनला काही आठवड्यांच्या सक्रिय-निष्क्रिय लहरी असतात, एल निनोची छाया अख्ख्या हंगामावर पडते, जूनची चाल सप्टेंबरला लागू होत नाही. एका दिवसाच्या स्मृतीची साखळी लांब खंड प्रत्यक्षापेक्षा विरळ दाखवते, हा जगभरचा अनुभव आहे. आणि एका वर्षाची चाल दुसऱ्या वर्षालाही लागू होत नाही : सप्टेंबर २०२५ मध्ये याच धाराशिव जिल्ह्यात परंडा तालुक्यात पुरात अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. २०२३ चा कोरडा ऑगस्ट आणि तो सप्टेंबर यांत दोनच वर्षांचे अंतर.

इलाज आहेत. प्रत्येक महिन्याची शक्यता वेगळी काढता येते, मागचे दोन दिवस लक्षात ठेवणारी साखळी घेता येते. पण दोन दिवसांची स्मृती घेतली की अज्ञात आकडे दोनाचे चार होतात. चार महिने वेगळे केले की सोळा. मग प्रत्येकाच्या वाट्याला नोंदी आणखी कमी येतात आणि दुसरी चूक पुन्हा डोके वर काढते. महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारणारा ‘महावेध’ प्रकल्प २०१७ चा. मंडळाच्या पातळीवर पाहिले तर या केंद्रांचे वय अजून दहा वर्षांचेही नाही, आणि विम्याचा हिशेब मात्र मंडळाच्या पातळीवर मागितला जातो. अशा वेळी शेजारच्या मंडळांच्या नोंदी एकत्र तोलून घेणे आणि तालुक्याच्या जुन्या पर्जन्यमापकाच्या दीर्घ नोंदींशी त्या जोडणे, हाच मार्ग उरतो. तिथेही तोलून-मापून वागावे लागते : पश्चिमेच्या परंडा-भूमचा पाऊस आणि पूर्वेच्या उमरग्याचा पाऊस एकाच सरासरीत ओतला, तर नोंदी वाढतात, पण उत्तर दोघांपैकी कुणाचेच राहत नाही.