मत्स्यशेतीतल्या जाती: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मत्स्यशेती म्हणजे कोळंबी आणि सॅमन, हा समज निर्यातीच्या बाजारामुळे रुजला आहे. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या दप्तरी सहाशेंहून अधिक जाती आणि जातिगट आहेत. त्यांत मासे, खेकडे, कालवे, समुद्री काकडी, बेडूक आणि कासवेही येतात. २०२२ साली या शेतीचे एकूण उत्पादन सुमारे १३ कोटी टन होते. त्यातला चौथाईहून अधिक वाटा शैवालाचा होता.

एवढी लांब यादी पाहून ही शेती वैविध्याने समृद्ध आहे असे मानणे मात्र चूक आहे. सुमारे ६० टक्के उत्पादन जेमतेम १७ जातींमधून येते. हे एकवटणे धोक्याचे आहे. भारतात १९९०च्या दशकात पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूरोगाने टायगर कोळंबीची तळी ओस पाडली. २००९ मध्ये व्हेनामी कोळंबीला परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत तिने टायगरला जवळपास बाजूला सारले. म्हणजे एका जातीची जागा दुसऱ्या एकाच जातीने घेतली.

ही शेती मुख्यतः समुद्रात होते, हाही समज खरा नाही. प्राणिज उत्पादनापैकी सुमारे ६२ टक्के जमिनीवरच्या जलाशयांतून आणि तळ्यांतून येते. तिथे कार्प कुळातल्या माशांचे राज्य आहे. त्यांना जगवायला मासळीचा भुगा लागतोच असेही नाही. गवत्या (ग्रास कार्प) गवत खातो, सिल्व्हर कार्प पाण्यातले सूक्ष्म प्लवक गाळून घेतो. भारतीय तळ्यात कटला वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी चरतो. एकाच पाण्यात तिघांना एकमेकांच्या वाट्याला न जाता पोट भरता येते. जातींच्या विविधतेचा खरा फायदा इथे दिसतो.

पाळली जाणारी प्रत्येक जात बंदिवासात पैदास होते, असेही नाही. कार्पचे बीज पूर्वी नद्यांतूनच गोळा करावे लागे. हिरालाल चौधरी यांनी १९५७ मध्ये ओडिशात पियूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची प्रेरित पैदास यशस्वी केली, तेव्हा ती अडचण सुटली. १० जुलै हा त्या यशाचा दिवस भारतात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. ईलच्या बाबतीत मात्र ती सुटका अजून झालेली नाही. जपानी आणि युरोपीय ईलची शेती समुद्रातून किनाऱ्याकडे येणाऱ्या, जंगली पिल्लांवरच चालते.