'शॉक' या शब्दाचा अडसर
पुरेशा मात्रेत व पुरेसा काळ दोन औषधे देऊनही जे नैराश्य हटत नाही, त्यावर विद्युत्-उपचार सुचविला की संभाजीनगरात काय, मुंबईत काय, घरची माणसे विचारतात, 'म्हणजे शॉकच ना?' मराठीत शॉक बसतो तो उघड्या तारेचा वा दुःखद वार्तेचा; 'देणे' हे क्रियापद जोडताच तो शिक्षा वाटू लागतो. रोममध्ये १९३८ साली चेर्लेत्ती व बीनी यांनी तो प्रथम दिला तेव्हा भूल नव्हती. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यान्वये भूल व स्नायुशिथिलक यांवाचून तो देण्यास मनाई आहे. चुंबकीय उद्दीपनात तर रोगी जागाच असतो व झटका आणण्याचा हेतूच नसतो. त्यासही 'शॉक' म्हणणे सर्वस्वी चूक. मात्र विद्युत्-उपचारानंतर काही काळ विस्मरण संभवते, हे 'शॉक' शब्द टाळणाऱ्या वैद्यांनीही संमती घेताना स्पष्ट सांगितले पाहिजे.